सातवा भाग बाहेर आहे

देवघेवीच्या खिडकीला गज आहेत. पलीकडच्या माणसाचा चेहरा मला उभ्या पट्ट्यांत दिसतो. एका पट्टीत डोळा, एकीत नाकाचा शेंडा, एकीत टोपीची कड. एवढ्यावरून माणूस ओळखायची सवय लागली आहे. तोच माणूस सराफ्यात सबंध समोर आला की मी त्याला ओळखत नाही, आणि लोक म्हणतात, लघाटे गर्विष्ठ आहे.

इंदुरातल्या एका मराठी वाचनालयात मी पुस्तकं देतो आणि परत घेतो. काम एवढंच. आमच्याकडे वर्गणीदाराला कपाटापर्यंत येऊ देत नाहीत. त्यानं खिडकीशी मागणीची चिठ्ठी भरायची. चिठ्ठीवर दोन ओळी छापलेल्या असतात : ‘हवे असलेले पुस्तक’ आणि त्याखाली ‘ते नसल्यास’. पहिल्या ओळीवरून वाचक कळतो, दुसरीवरून माणूस. एक वकिलीणबाई पहिल्या ओळीत हमखास एखादी गुलाबी कादंबरी लिहीत आणि दुसरीत ‘कोणतेही धार्मिक’. चिठ्ठी वकीलसाहेबांच्या हातून यायची ना.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या येत त्या एका कादंबरीकाराच्या नावानं. ते नाव इथं लिहीत नाही. आमचा चपराशी भेरूलाल त्यांना ‘नगाड़ेवाले साहब’ म्हणे, कारण त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या जिल्दीवर नगारा छापलेला असे. भीमाकाठचं एक शिलेदार घराणं घोड्यावर बसून निघतं आणि दोन-तीन पिढ्यांनी माळव्यात येऊन स्थिरावतं, एवढी गोष्ट त्यांनी नऊ भागांत सांगितली. ती ओळीनं लिहिली असती तर माझा जन्म सोपा गेला असता. त्यांनी चौथा भाग आधी लिहिला, मग दुसरा, मग एकदम आठवा. आणि सगळं गाजल्यावर कुणीतरी वंशावळ विचारली म्हणून पहिला. त्यामुळं नवा वर्गणीदार खिडकीशी आला की पहिला प्रश्न ठरलेला : कुठून सुरू करू?

या एका बाबतीत माझी गावात थोडी ख्याती होती. परदेशीपुऱ्यातून मिलमधले एक जॉबर, म्हणजे मुकादम, येत, त्यांना मी दुसरा दिला. त्यात पहिल्याच पानावर वेढा पडतो. ते जिथं लढाई लागेल तिथं सुताचा धागा घालून ठेवत. पुस्तक परत आलं की झालर लावल्यासारखं दिसे. वकिलीणबाईंना पाचवा, त्यात एकच लग्न तीनदा ठरतं. एक पेन्शनर हेडमास्तर मात्र माझं ऐकेनात. त्यांनी नववा आधी नेला, मग आठवा, असं करत ते उलटे निघाले. मी विचारलं तर म्हणाले, “मागून वाचलं की मेलेली माणसं एकेक करून जिवंत होत जातात, लघाटे. तुम्ही करून बघा.”

पहिला भाग मी कुणालाच पहिला देत नसे. सहाशे पानं, त्यात चारशे पानं नात्यागोत्याची, आणि घोडा शोधायला कंदील घेऊन जावं लागतं. दुसरीकडून आत शिरलेला, घराण्याच्या प्रेमात पडलेला वाचकच तो पेलू शकतो. हा माझा नियम होता आणि तो मी एकदाच मोडला. त्याचं हे सांगणं आहे. इतकी वर्षं सांगितलं नाही. आता पन्नाशी आली, मध्य भारतही गेला, नवं राज्य आलं. आता सांगतो.

तेव्हा मध्य भारत हे राज्य नवं होतं. राजधानी दोन गावांत वाटलेली, उन्हाळ्यात इंदूर आणि थंडीत ग्वाल्हेर. हवा गार झाली की फायली, कपाटं, कारकून, साहेब सगळे गाडीत बसून निघून जात. आमची दहा-पंधरा पुस्तकंसुद्धा दर साल ट्रंकांतून ग्वाल्हेरची हवा खाऊन येत. मग इंदूर उन्हात पाय पसरून झोपल्यासारखं होई. दुपारी खिडकीशी कुणी फिरकत नसे. गजांच्या सावल्या माझ्या टेबलावर पडत आणि हळूहळू सरकत.

कचेरी निघायच्या आधी आठ-दहा दिवस सचिवालयातले माधवराव धायगुडे सकाळी सकाळी आले. तिशीचा सालस माणूस, आमचा वर्गणीदार. पण त्या दिवशी हातात चिठ्ठी नव्हती. ते म्हणाले, “लघाटेजी, दुपारी आमचे बाबा येतील. त्यांना नगारेवाल्यांचं पुस्तक पाहिजे. तुम्ही पहिल्यापासून द्या.”

मी माझा नियम सांगू लागलो. त्यांनी गज धरले आणि तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तुकोगंजच्या डॉक्टरांनी वडिलांना तपासलं होतं. फार तर दोन-अडीच महिने. वडिलांना सांगितलेलं नाही, सांगायचं नाही असं घरात ठरलं आहे. स्वतःला तर कचेरीबरोबर ग्वाल्हेरला जाणं भाग आहे. शेवटी म्हणाले, “नऊ भाग आहेत आणि पहिल्यापासून वाचा म्हणाल, तर त्यांना वाटेल बराच टाइम आहे. बस, इतकंच करा आमच्यासाठी.”

आपल्याकडे हे घरोघर चालतं. मरणाऱ्याला सोडून सगळ्या गल्लीला माहीत असतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्यावर विश्वास टाकला म्हणून जरा बरंच वाटलं.

दुपारी रामराव धायगुडे आले. होळकरांच्या रिसाल्यात रिसालदार होते. संस्थान गेलं, फौज मोडली, तेव्हापासून मल्हारगंजात घरी बसून. उंच, वाळलेले, मिशा तेवढ्या भरघोस राहिलेल्या. गजांतून बघायला वाकावं लागे ते त्यांना आवडलं नसावं. ते बाजूच्या दारानं सरळ आत आले आणि माझ्या टेबलापुढं उभे राहिले. मी कधी शाळेत शिकवलेलं नाही. पण ज्याच्या बोटाला शाई तो मास्तर, असा त्यांचा खाक्या दिसला.

“मास्तर, नऊ आहेत म्हणता. मोर्चा कुठून लावायचा?”

त्यांच्या रिसाल्यातले एक जुने सोबती आमचे वर्गणीदार होते. त्यांना मी सातव्यापासून सुरू करून दिलं होतं, कारण सगळ्या घोडेस्वारांना मी सातवाच देई. त्यात फौज नर्मदा उतरते. ते सोबती रिसालदारांना हे सगळं सांगून बसले होते, आणि ते ऐकूनच स्वारी आली होती.

ते स्टुलावर टेकले आणि घरची एक गोष्ट सांगू लागले. आवाज मोठा, पण मध्येच दम लागे. त्यांचा मूळ पुरुष पंचकल्याणी घोड्यावरून नर्मदा उतरला होता. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, असला शकुनाचा घोडा. पण मधल्या धारेत घोडा बुजला. ना पुढं जाई ना मागं फिरे. स्वार खाली उतरला, पाण्यात उभा राहिला, घोड्याच्या कानात काहीतरी बोलला, आणि दोघं पोहत पार झाले. धायगुड्यांच्या घरात ही गोष्ट बाप मुलाला सांगत आला आहे. फक्त कानात काय सांगितलं ते कुणाला ठाऊक नाही.

“मी आजोबांना विचारलं, त्यांना ठाऊक नाही. घोड्यांत जिंदगी गेली माझी. बुजलेल्या घोड्याला खूप काही सांगून बघितलं. पण वाहत्या पाण्यात काय सांगायचं, ते नाही कळलं. म्हटलं, हे तुमचे नगारेवाले इतकी जुनी कागदं बघतात. त्यांना कुठं मिळालं असेल तर.”

मी म्हणालो, पहिल्यापासून सुरू करा. सातव्याची गोडी त्याशिवाय कळायची नाही.

ते माझ्याकडं बघत राहिले. आमच्यामध्ये गज नव्हते, सबंध चेहरा दिसत होता, त्यामुळं मला नीट बघता येईना. मी रजिस्टर ओढलं.

“म्हणजे नऊच्या नऊ होतील म्हणता?”

“होतील की. घाई काय आहे?”

“बरोबर आहे. घाई काय आहे.” त्यांनी पहिला भाग काखेत मारला आणि निघाले.

आता सातव्या भागाचं सांगतो. आमच्याकडं त्याची एकच प्रत होती आणि तिची शेवटची अकरा पानं गेली होती. लोकप्रिय पुस्तकाची शेवटची पानं आधी जातात, हा वाचनालयातला निसर्गनियम आहे. शेवट दहा जणांकडून दहा वेळा उलटला जातो, दोरा सुटतो, पान कुणाच्या तरी घरी राहून जातं. अशा वेळी मी दुसरी प्रत मिळवून ती पानं हातानं उतरवत असे आणि जिल्दसाजाकडून मागं शिवून घेत असे. माझं अक्षर बरं आहे. बरं म्हणजे, चांगलं आहे. खोटं कशाला बोलू. वाचनालयात अशी चाळीसेक पुस्तकं असतील. वाचक त्याला ‘लघाट्यांची शेपटी’ म्हणत.

तुकोगंजात राहणाऱ्या एका साहेबांकडं सातव्याची सबंध प्रत होती. ग्वाल्हेरला जाताना ती त्यांनी माझ्या हवाली केली. म्हणाले, उन्हाळ्यात परत येईन तोवर सावकाश उतरवा. मी तसंच सुरू केलं. दुपारची वेळ, भेरूलाल बाकावर पेंगत, टाक कागदावर कुरकुरत चाललेला. दोन-तीन दिवसांना एक पान. समास आखायचा, शब्द मोडायचा नाही, ओळ वर चढू द्यायची नाही. त्या अकरा पानांत फौज नर्मदेला येते. कधी कधी असं होई की वाक्य उतरवून झाल्यावर हात टेबलावर ठेवला की लाकूड गार लागे, ओलं लागे. गजांच्या सावल्या पानावरून हलत, आणि मला वाटे, पाणी चढतंय.

नवव्या पानावर पंचकल्याणी आला.

मधल्या धारेत तो बुजला. स्वार उतरला. त्याचं नाव त्या पुस्तकात कुठंच नाही, पुढंमागंही नाही. चार ओळींपुरता येतो आणि पलीकडच्या काठावर गर्दीत मिसळून जातो, म्हणूनच पूर्वी वाचूनही तो माझ्या ध्यानात राहिला नव्हता. नगारेवाल्यांनी ते कुठल्या कागदातून काढलं की त्यांच्याच मनात आलं, देव जाणे. तो घोड्याच्या कानाशी लागतो आणि एक वाक्य बोलतो. मी ते वाचलं आणि टाक खाली ठेवला. उठलो, माठातलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो.

त्याच क्षणी पुस्तक उचलून मल्हारगंजात जायला हवं होतं. वीस मिनिटांची वाट. मी काय केलं, तर नववं पान पुरं केलं.

तिकडं रिसालदारांचं वाचन चाललं होतं. पाय सुजले तशी त्यांची फेरी बंद झाली. भेरूलाल पुस्तकं नेऊ-आणू लागला आणि त्यांचे निरोप आणू लागला. पहिल्या भागाच्या वेळचा निरोप असा होता : “मास्तरला सांग, तीनशे पानं झाली. सात मावश्या भेटल्या, घोडा एक नाही.” दुसरा भाग त्यांनी त्यातल्या त्यात लवकर संपवला. तिसरा गेला, आणि निरोप थांबले.

मग एका सकाळी भेरूलालनं चिठ्ठी आणली. आमचीच छापील मागणीची चिठ्ठी. अक्षर थरथरलेलं पण ओळ सरळ. हवे असलेले पुस्तक : सातवा भाग. ते नसल्यास : दुसरे काही नको.

त्या ओळीत असं कुणी लिहीत नाही. कुणी कोरी सोडतो, कुणी ‘कोणतेही’ लिहितो. ‘काही नको’ मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं.

दोन्ही सातवे भाग माझ्यासमोर टेबलावर होते, एक शेपटीशिवायचा आणि एक सबंध. दहावं पान अर्धं झालं होतं. मी लाल पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर आडवं लिहिलं : बाहेर. पुस्तक दुसऱ्या वर्गणीदाराकडं गेलेलं असलं की आम्ही तसं लिहितो.

भेरूलाल अक्षरओळख शिकला होता माझ्याकडंच. त्यानं चिठ्ठी बघितली, मग टेबलाकडं बघितलं.

“बाबूजी, किताब तो यहीं पड़ी है.”

मी म्हणालो, अभी पूरी नहीं है.

तो चिठ्ठीची घडी करत म्हणाला, “पूरे तो वो भी नी बचे हैं, बाबूजी.” आणि सायकल काढून गेला.

माधवरावांनी सांगितलं होतं म्हणून मी तसं केलं, असं मी पुढं कितीतरी दिवस मनाशी म्हणत आलो. सातवा दिला तर घाई आहे हे कबूल केल्यासारखं होईल, त्यांच्या मनाला लागेल, वगैरे. हे सगळं खरं आहे आणि ते कारण नाही. कारण असं की मला ते पुस्तक पुरं करून द्यायचं होतं. अकराही पानं सुकलेली, शिवलेली, वर नवी जिल्द. मी स्वतः घेऊन जाणार, नववं पान उघडून त्यांच्यापुढं धरणार, आणि ते माझ्या अक्षरात ते वाक्य वाचणार. त्यांचा चेहरा कसा होईल, हे मी दुपार-दुपार बघत बसलो होतो. इतका वेळ बघत बसलो की तो चेहरा मल्हारगंजात एका खाटेवर आहे, हे ध्यानात राहिलं नाही. ज्याला घाई होती त्याला मी घाई नाही म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि पुढं मलाच ते खरं वाटू लागलं.

चिठ्ठी परत गेली त्याला सहा दिवस झाले. अकरावं पान संपलं. मी त्यावर टीपकागद दाबत होतो. भेरूलाल सायकल भिंतीला न टेकवताच आत आला, बाकावर बसला आणि त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. टीपकागद उचलला तर शेवटच्या ओळीची शाई फिसकटली होती. ती अजून तशीच आहे.

माधवराव तार मिळाल्यावर ग्वाल्हेरहून निघाले, पण गाडीनं त्यांना उशिरा पोचवलं, असं नंतर कळलं. मी घरी भेटायला गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

तेराव्यानंतर रिसालदारांची सून सुमनताई तिसरा भाग परत करायला आल्या. त्या दिवशीही मला गजांतून एक डोळा आणि पदराची कड एवढंच दिसलं. पुस्तक आत सरकवून त्या थांबल्या. मी काहीतरी बोललो. दुखवट्याला बोलतात तसलं.

त्या म्हणाल्या, “काका, बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्याकडून आले, पुस्तक कोनाड्यात ठेवलं, आणि मला म्हणाले, सूनबाई, हा मास्तर कुणालाच पहिल्यापासून सुरू करायला लावत नाही. मलाच लावलं. समजलं मी.”

मी पुन्हा रजिस्टर ओढलं.

“यांना कळू देऊ नको म्हणाले. पोरगा निर्धास्त ग्वाल्हेरला जाऊ दे. म्हणून तो पहिला भाग अंगणात बसून वाचायचे, यांना दिसेल असा. कंटाळायचे इतके. एकच सातवा पाहिजे होता. तो बाहेर गेलेला निघाला. असो, नशीब.”

असो म्हणून त्या गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की तो बाहेर गेलेला नव्हता. चार शब्द. सगळं आयुष्य लोकांना सांगत आलो कुठून सुरू करायचं, आणि मला सुरुवात सुचली नाही.

तिसऱ्या भागात खूण म्हणून ती चिठ्ठी होती. माझ्या लाल ‘बाहेर’ खाली त्यांनी शिसपेन्सिलीनं आणखी एक ओळ लिहिली होती. अक्षर आता पार विस्कटलेलं.

‘आल्यावर कळवावे. मी आहे.’

त्यानंतर मी कुणालाही कुठून सुरू करायचं ते सांगितलेलं नाही. कुणी विचारलं तर उलट विचारतो, यातलं एकच वाचायला मिळणार असेल तर कुठलं वाचाल? लोक हसतात, लघाटे आता सटकले म्हणतात. पण विचार करून सांगतात, आणि मी तेच देतो. फाटकं असलं तर फाटकं देतो. भेरूलाल मागच्या साली निवृत्त झाला. निरोपाच्या चहाला तो म्हणाला, बाबूजी, आपने तब से पूँछ लगाना छोड़ दिया. मी म्हणालो, हाथ काँपता है. त्याला खरं काय ते ठाऊक होतं.

सातव्या भागाला ती अकरा पानं मात्र शिवलेली आहेत. वाचक अक्षराची तारीफ करतात. मी स्वतः त्या भागाकडं अजून सहसा वळत नाही. एकदा फक्त त्या हेडमास्तरांचं ऐकून बघितलं. अकराव्या पानापासून उलटा निघालो, फिसकटलेल्या ओळीवरून मागं, मागं. काठावरून घोडा परत पाण्यात शिरला, धारेत आला, थांबला. स्वार त्याच्या कानाशी आला. तिथून पुढं जायचा, म्हणजे मागं जायचा, धीर झाला नाही. मी पुस्तक मिटलं.

सुमनताई, हे ज्यात छापून येतंय तो अंक दर दिवाळीला तुमच्या घरी जातो. माधवरावांना द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण तुमच्याकडं आता धाकटा आहे, घोड्याची गोष्ट त्याला कधीतरी सांगाल. तेव्हा कानात काय सांगितलं ते ठाऊक नाही, असं म्हणू नका. नवव्या पानावर आहे. मधल्या धारेत, गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून स्वार म्हणतो : ‘चल बाबा. पलीकडं गवत आहे.’

हवं तेव्हा येऊन बघा, चिठ्ठी भरायची गरज नाही. सातवा भाग टेबलावर आहे. तेव्हाही टेबलावरच होता.